ॲमेझॉनहून आलेले पाहुणे

इंदूरच्या सराफ्यात रात्री साबुदाण्याची खिचडी खायला उभा राहिलेला माणूस दक्षिण अमेरिकेचा विचार करत नसतो. तरी त्या द्रोणात काय काय आहे ते एकदा पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, म्हणजे टॅपिओका, मूळचा ॲमेझॉन खोऱ्याच्या नैर्ऋत्य कडेचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटा अँडीज पर्वताचा, मिरचीही अमेरिका खंडाचीच. जिरे भूमध्य समुद्राच्या बाजूचे. खात्रीने आपले म्हणावे असे त्यात तूप तेवढे उरते. आमच्या समाजातले काटेकोर लोक कंदमूळ म्हणून साबुदाणा टाळतात, आणि भिंतीपलीकडच्या घरी तोच साबुदाणा एकादशीला चालतो. धर्मशास्त्रात तो नेमका केव्हा शिरला याचा शोध घेण्यासारखा आहे, पण तो आजचा विषय नव्हे.

आजचा विषय दक्षिण अमेरिकेचे वर्षावन, तिथली जीवसृष्टी आणि प्रवास असा आहे. हे व्याख्यान मला सांगितले तेव्हा मी चालकांना म्हटले की मी ॲमेझॉनला गेलेलो नाही; महूच्या दवाखान्यात बसून मला इंदूरलासुद्धा जायला सवड काढावी लागते. मात्र त्या जंगलातून आपल्याकडे जे आले ते मी रोज हाताळतो. माझ्या औषधांच्या कपाटात आहे, आपल्या सर्वांच्या स्वयंपाकघरात आहे, आणि भाषेतही आहे. 'काजू' आणि 'अननस' हे आपण मराठी समजून वापरतो ते शब्द ब्राझीलच्या तुपी-ग्वारानी भाषांतले. पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आले. 'टॅपिओका' हाही तुपीच. म्हणून प्रवासाची दिशा उलटी धरून, तिकडून आलेल्या पाहुण्यांवरून तिकडचे घर कसे असेल ते पाहू.

आधी पावसाचे बोलू, कारण 'वर्षावन' म्हटले की लोकांना वाटते, तिथे पाऊस आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त असणार. ॲमेझॉनच्या बऱ्याच भागात वर्षाला दोन ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या महू-इंदूरकडे हजाराच्या आतबाहेर. पण सिंधुदुर्गातल्या आंबोलीला साधारण सात हजार मिलिमीटर पडतो! म्हणजे पाऊस मोजायचाच असेल तर आंबोलीने ॲमेझॉनला केव्हाच मागे टाकले आहे. फरक आहे तो वाटणीचा. आंबोलीचा जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो, आणि मग एप्रिल-मेपर्यंत झाडांना पोटातल्या पाण्यावर काढावे लागते. ॲमेझॉनमध्ये बारा महिने थोडाबहुत पाऊस असतोच, कमी-जास्त इतकेच. आमचे साधू-साध्वी चातुर्मासात विहार करत नाहीत, एका जागी राहतात, कारण त्या दिवसांत जमिनीवर पावलोपावली जीव असतो. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी असा प्रदेश डोळ्यांपुढे आणावा की जिथे चातुर्मास संपतच नाही. तिथे विहाराला निघायचा मुहूर्त सापडणार नाही.

दुसरी एक गोष्ट ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात पाण्याच्या अणूंचा माग काढून दाखवली. अटलांटिकवरून आलेली वाफ पूर्वेकडे पाऊस होऊन पडते, झाडे ते पाणी शोषून पानांवाटे पुन्हा हवेत सोडतात, ती वाफ पश्चिमेला सरकून पुन्हा पडते. खोऱ्यातल्या पावसाचा निम्म्याच्या आसपास भाग असा जंगलानेच परत पाठवलेला असतो. त्यामुळे तिथे जंगल तोडले की सावलीबरोबर पाऊसही तुटतो, आणि तोही तोडलेल्या जागी नव्हे, शेकडो मैल पश्चिमेला.

इतक्या पाण्याखाली जमीन सुपीक असेल असे वाटते. बहुतेक ठिकाणी ती अगदी निःसत्त्व आहे. हजारो वर्षांच्या पावसाने क्षार धुऊन नेले आहेत. जे काही पोषण आहे ते झाडांच्या अंगात. पान गळले की बुरशी आणि वाळवी ते सडवतात आणि मुळे ते वरच्या वर उचलून घेतात. जमिनीत शिल्लक अशी राहत नाही. डॉक्टरी भाषेत सांगायचे तर सगळे रक्त फिरते आहे, साठा कुठेच नाही. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीचे नेमके उलट. इथे वरचे रान गेले तरी माती पिढ्यान् पिढ्या गहू देते. तिथे जंगल जाळून केलेले शेत दोन-तीन वर्षांत थकते.

आणि झाडांची गर्दी कशी आहे? पेरूच्या काही भागांत एका हेक्टरात, म्हणजे अडीच एकरांत, मोठ्या झाडांच्या ३००च्या आसपास जाती मोजल्या गेल्या. याचा दुसरा अर्थ असा की एका जातीची दोन झाडे शेजारी क्वचितच सापडतात. कारण साधे आहे. उबदार, ओल्या हवेत कीड आणि बुरशी बारमाही जिवंत असते. प्रत्येक झाडाचा खास शत्रू त्याच्या आसपास दबा धरून बसलेला. बी आईच्या पायाशी पडले तर ती कीड त्याला खाते. दूर कुठे पडले तर वाचते. म्हणून तिथली झाडे विखरून जगतात. पुढे रबराकडे आलो की ही गोष्ट उपयोगी पडेल.

प्राण्यांबद्दल दोन शब्द. दूरदर्शनवर त्या जंगलातला टुकान पक्षी दिसला की कोकणातला माणूस म्हणतो, हा तर आमचा धनेश. नाही. दोघांचा वंश वेगळा; पण उंच झाडांवरची फळे तोडायचे काम एकच असल्याने दोघांनाही लांबलचक, दिसायला जड आणि वजनाला हलकी चोच मिळाली. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून भरवतो. टुकानमध्ये ही चाल नाही. फुलातला मध चोखायला आपल्याकडे शिंजीर, तिकडे गुंजन पक्षी. मुंग्या खायला आपल्याकडे खवले मांजर, तिकडे मुंगीखाऊ अस्वलासारखा दिसणारा, अस्वल नसलेला प्राणी. आपला अजगर अंडी घालून त्यांभोवती वेटोळे करून बसतो, तिकडचा ॲनाकोंडा पिलांनाच जन्म देतो. एकच नाटक, नट वेगळे, असे मी माझ्या नातवाला सांगतो. आपल्याकडे ज्याला जोडीदारच नाही असा एक प्राणी तिथे आहे, स्लॉथ. तो झाडावर उलटा लटकून पाने खातो, इतका संथ की अंगावरच्या केसांत शेवाळ उगवते आणि त्या केसांत पतंगांचे बिऱ्हाड असते. विष्ठेसाठी मात्र आठवड्यातून एकदा कष्टाने जमिनीवर उतरतो. त्याला वरून हार्पी गरुडाचे भय, खाली जग्वारचे. बद्धकोष्ठाचे रुग्ण आले की मला हा प्राणी हमखास आठवतो.

आता पाहुण्यांकडे येऊ. पहिला कसावा. त्याच्या कडू जातीत असे द्रव्य असते की कच्चा खाल्ला तर शरीरात सायनाइड तयार होते. तरीही ॲमेझॉनच्या लोकांनी मुद्दाम कडू जातीच जोपासल्या, कारण रानडुकरे आणि किडे त्यांच्या वाटेला कमी जातात. कंद किसायचा, वेताच्या विणलेल्या लांब नळीत भरून ती नळी ताणायची, म्हणजे विषारी रस पिळून निघतो. मग चोथा भाजायचा. त्या नळीला 'तिपिती' म्हणतात. प्रयोगशाळा नाही, पुस्तक नाही, आणि विषाचे अन्न केले. रस भांड्यात ठेवला की तळाशी बसते ते पिठूळ सत्त्व म्हणजे टॅपिओका. आपला साबुदाणा त्याच्याच गोळ्यांचा. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी या कंदाच्या लागवडीला उत्तेजन दिले. आपला मूळचा साबुदाणा मलायाकडच्या ताडासारख्या सागू झाडाचा. दुसऱ्या महायुद्धात ती आयात थांबली, तेव्हा तमिळनाडूतल्या सेलमच्या व्यापाऱ्यांनी टॅपिओकाचे दाणे करायला सुरुवात केली. नाव मलायाचे राहिले, वस्तू ॲमेझॉनची आली. उपवास करणाऱ्यांना कुणी विचारले नाही.

दुसरा पाहुणा माझ्या धंद्याचा मूळपुरुष आहे. सिंकोना ॲमेझॉनच्या सपाट जंगलातला नव्हे, त्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला अँडीजच्या पूर्व उतारावर जे ढगांत बुडालेले जंगल आहे तिथला. त्याच्या सालीने हिवताप उतरतो हे युरोपला सतराव्या शतकात कळले. १७९० साली जर्मनीत डॉ. हानेमान कलन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरच्या ग्रंथाचे भाषांतर करत होते. साल पोटाला बळ देते म्हणून ताप जातो, हे कलनचे म्हणणे त्यांना पटेना. त्यांनी निरोगी असताना स्वतः ती साल दिवसातून दोनदा घेऊन पाहिली आणि थंडी-तापासारखी लक्षणे टिपली. होमिओपॅथीची सुरुवात या प्रसंगापासून मानतात. आमच्या कपाटात 'चायना' नावाची जी बाटली असते तिचा चीन देशाशी काही संबंध नाही. ते 'किना' या पेरूकडच्या शब्दाचे रूप. नव्या रुग्णांना हे दर वेळी सांगावे लागते, विशेषतः चीनशी काही तणातणी चालू असली की.

१८२०मध्ये पॅरिसच्या पेलेतिए आणि कावाँतू या दोघांनी सालीतून किनाइन वेगळे काढले, आणि मग साम्राज्यांना या झाडाची भूक लागली. हिवतापाच्या मुलखात फौज ठेवायची तर किनाइन हवे. आमचे महू १८१८च्या मंदसोरच्या तहानंतर वसलेली छावणी. हिंदुस्थानातल्या अशा प्रत्येक छावणीच्या दवाखान्याला ही पांढरी, कडूजहर भुकटी लागे. १८६०मध्ये क्लेमेंट्स मार्कम पेरूला गेला, रिचर्ड स्प्रूस इक्वाडोरमध्ये होता. त्यांनी बिया आणि रोपे बाहेर काढली आणि निलगिरीत, पुढे दार्जिलिंगकडे बागा झाल्या. १८९२पासून बंगालमध्ये पोस्टातून एक पैशाला किनाइनची पुडी मिळू लागली. हे काम चांगलेच झाले. त्या पुड्यांनी किती माणसे वाचली असतील.

पण या कथेतला एक माणूस कुणाच्या लक्षात राहत नाही. मानुएल इन्क्रा मामानी हा बोलिव्हियाचा आयमारा जमातीचा गृहस्थ चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याकडे होता. कोणत्या झाडाची साल खरी गुणकारी हे त्याला दुरून पाहून कळे. त्या झाडांना चांगले बी धरेपर्यंत तो काही वर्षे थांबला, आणि १८६५मध्ये बी लेजरच्या हाती दिले. इंग्रज सरकारला ते घ्यावेसे वाटले नाही. डच सरकारने थोडे विकत घेतले, जावा बेटात लावले, आणि पुढे जगाच्या किनाइनचा बहुतेक व्यापार त्या झाडांवर चालला. मामानीला बियाणे बाहेर दिले म्हणून पकडून तुरुंगात घातले, मारहाण केली. त्यातून तो फार दिवस जगला नाही. झाडाला नाव मिळाले लेजरचे: सिंकोना लेजरियाना.

तिसरी बाटली लॅकेसिसची. कॉन्स्टंटाइन हेरिंग हा तरुण जर्मन डॉक्टर सॅक्सनीच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेतून वनस्पती-प्राणी गोळा करायला सुरिनामला गेला. १८२८मध्ये त्याने तिथल्या लोकांकडून 'सुरुकुकू' मिळवला. इंग्रजीत त्याला बुशमास्टर म्हणतात. अमेरिका खंडातला सर्वांत लांब व्हायपर, तीन मीटरपर्यंत भरतो. शेपटी पानांवर घासून खडखड करतो, पण त्याला खुळखुळा नाही, म्हणून लिनिअसने त्याच्या नावात 'मुका' हा शब्द घातला. हेरिंगने विष घेतले, साखरेत खलले, आणि खलताना स्वतःलाच जे झाले ते लिहून ठेवले. तो साप नंतर फिलाडेल्फियाच्या नॅचरल सायन्सेस अकादमीत गेला.

एकदा मंदिरातून थेट दवाखान्यात आलेल्या एका वृद्ध श्राविकेने मला विचारले, "डॉक्टरसाहेब, यात जीव तर नाही ना?" मी सांगितले, मूळ द्रव्य सापाचे आहे, तीसच्या पोटन्सीत हिशेबाने त्याचा एक रेणूही उरत नाही. त्या म्हणाल्या, "उरत नाही ते ठीक, पण घेतला तर होता." त्यांना मी दुसरे औषध दिले. आमच्या पद्धतीवर या रेणूंवरून जी टीका होते ती मला ठाऊक आहे आणि तो वाद मी इथे आणत नाही. त्या बाईंचा प्रश्न वेगळा होता आणि तो मला अधिक अवघड वाटतो. सिंकोना असो, साप असो, बी असो, जंगलातून काही घेताना त्या जागी काय उरले, हे विचारायची आपल्याला सवय नाही.

या सुरुकुकूचे भाऊबंद आपल्याकडे सह्याद्रीत आहेत. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये खळगी असलेले हे साप. त्या खळगीने त्यांना अंधारात उंदराच्या अंगची ऊब 'दिसते'. मराठीत त्यांना चापडा म्हणतात. मलबारी चापडा आंबोलीत पावसाळी रात्री फांदीवर निश्चल बसलेला आढळतो, कधी हिरवा, कधी तपकिरी. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनवलेली असते, चापड्याच्या नाही. त्याच्या दंशाने बहुधा सूज आणि वेदना होतात, तरी कोणताही साप चावला तर आधी सरकारी रुग्णालय गाठावे. माझ्याकडे येऊ नये, आणि मांत्रिकाकडे तर नाहीच.

आता एक न आलेला पाहुणा. ब्राझील नट हा बदामासारखा मोठा दाणा आता शहरांतल्या सुक्या मेव्याच्या दुकानांत मिळतो. त्याचे झाड पन्नास मीटरपर्यंत उंच जाते. फूल झाकण लावल्यासारखे बंद असते. ते उचलायला धष्टपुष्ट रानमाश्याच लागतात. त्यांतल्या काही माश्यांच्या नरांना मादी मिळवण्यासाठी जंगलातल्या ऑर्किडचा सुगंध गोळा करावा लागतो. फळ म्हणजे दोन किलोपर्यंतचा लाकडी गोळा. तो फोडू शकणारा प्राणी मुख्यतः एकच, अगूती, सशाएवढा कुरतडणारा. तो काही बिया खातो, काही पुरतो, काही विसरतो. विसरलेल्यांची झाडे होतात. माशी, ऑर्किड, अगूती आणि सगळ्यांना धरून ठेवणारे उभे जंगल, एवढा संसार जमला तर दाणा. बागा लावून पाहिल्या, पण त्या फळत नाहीत म्हणण्याइतक्या कमी फळतात. आजही हा दाणा बहुतांश रानातूनच वेचून आणतात.

रबराचे नेमके उलटे झाले. रानात रबराची झाडे हेक्टरी दोन-तीन, विखुरलेली. चीक काढणारा शेरिंगेरो पहाटे कंदील घेऊन शंभर-दीडशे झाडांना जोडणाऱ्या पायवाटेने फिरायचा. टायरांचा जमाना आला आणि ॲमेझॉनच्या मध्यावर मनौस शहरात १८९६मध्ये युरोपच्या तोडीचे संगीत नाट्यगृह उभे राहिले. त्याच काळात पुटुमायो नदीकाठी रबरासाठी आदिवासींना गुलाम करून त्यांच्यावर जे अत्याचार झाले त्यांचा रॉजर केसमेंटचा अहवाल १९१२मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचवत नाही. इकडे १८७६मध्येच हेन्री विकहॅमने तापाजोस नदीकाठच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या होत्या. त्यांतल्या जेमतेम चार टक्के रुजल्या. तेवढ्यांची रोपे श्रीलंका आणि मलायात गेली आणि १९१३च्या सुमारास आशियाच्या मळ्यांनी ब्राझीलला मागे टाकले. मनौसचे दिवस फिरले.

हे कसे जमले? झाडाबरोबर त्याचा शत्रू आला नाही म्हणून. ॲमेझॉनमध्ये रबराच्या पानावर एक बुरशी पडते. झाडे विखुरलेली असली तर ती एकावरून दुसऱ्यावर सहज जात नाही. ओळीने लावली तर वणव्यासारखी पसरते. हेन्री फोर्डने १९२८मध्ये तापाजोसच्याच काठी जंगल साफ करून मळा आणि अमेरिकी धर्तीचे गाव वसवले, फोर्डलँडिया. बुरशीने मळा संपवला; १९४५मध्ये त्याने ते ब्राझील सरकारला विकून टाकले. विकहॅमच्या बिया ती बुरशी मागे ठेवून आल्या होत्या, म्हणून आशियात लाखो झाडे खांद्याला खांदा लावून उभी राहिली. तिकडच्या रानात मात्र उभ्या जंगलातून चीक काढणारी माणसे टिकून होती. जंगल तोडून गुरांची कुरणे करणाऱ्यांना ती आडवी गेली. त्यांचा पुढारी शिको मेंडेस याला २२ डिसेंबर १९८८ला त्याच्या घरी गोळी घातली गेली. त्यानंतर सरकारने आक्रे प्रांतात त्याच्या नावाने मोठे राखीव वन केले, जिथे लोकांनी राहावे, चीक आणि दाणे गोळा करावेत, पण जंगल उभे ठेवावे.

आणि आता आपल्या घरी. ज्यासाठी मी हा विषय घेतला ते आता सांगतो.

सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला, गोवा आणि कर्नाटकाला लागून दोडामार्ग तालुका आहे. तिळारी नदी, घाटाचा उतार, सदाहरित आणि निमसदाहरित जंगल. राधानगरीच्या बाजूचे रान गोव्याच्या म्हादई आणि कर्नाटकाच्या भीमगडाशी जोडणारा हा पट्टा. वाघ याच वाटेने ये-जा करतो. गवा, शेकरू, धनेश आहेत. २००२च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती आले आणि त्यांनी माडा-केळींचे नुकसान सुरू केले ते अजून चालू आहे. बांबर्डे गावात रानजायफळाची दलदल आहे. पाण्यात उभ्या झाडांची मुळे श्वास घ्यायला गुडघ्यांसारखी वर येतात. ती टिकली, कारण गावकऱ्यांनी तिला देवराई मानली.

या तालुक्यातले बरेचसे जंगल खाजगी मालकीचे आहे. गेल्या काही दशकांत केरळकडून आलेल्या बागायतदारांनी इथे जमिनी घेतल्या, डोंगरउतार साफ केले आणि रबर लावले. रबर लहान असताना पहिली दोन-तीन वर्षे ओळींच्या मधे अननस. मी दोन वर्षांपूर्वी तिथे गेलो होतो. एका वळणावर उजव्या हाताला जंगल, इतके दाट की आत दिवसा अंधार, आणि डाव्या हाताला रबर, कवायतीला उभ्या पलटणीसारखे. छावणीच्या गावचा माणूस असल्याने ती उपमा मला लगेच सुचली. डावीकडे पाखराचा आवाज नव्हता. रबराच्या बीला धनेश तोंड लावत नाही, पानाला स्थानिक कीड लागत नाही, आणि कीडच नाही तर ती खाणारे पक्षी कशाला येतील? एका वर्षावनातले झाड आणून लावायला दुसरे वर्षावन तोडले होते. ज्या कारणाने ते झाड इथे इतके सुखात वाढते, म्हणजे इथे त्याला खाणारे कुणी नाही, त्याच कारणाने त्याच्याभोवती जंगल तयार होत नाही.

यावर कोकणातले एक स्नेही मला म्हणाले, मग काजूचे काय? तोही परका. बरोबर आहे. काजू ब्राझीलच्या ईशान्येचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी गोव्यात आणला. पण त्याला साडेचारशे वर्षे झाली आहेत. बोंडू उदमांजर खाते, वटवाघूळ खाते, माणूस त्याची फेणी करतो. त्याच्या टरफलाचा चीक अंगावर फोड आणतो, तसाच आपल्या बिब्ब्याचाही. दोघे एकाच कुळातले, आणि आमच्या ग्रंथांत एक पश्चिमेचा आणि एक पूर्वेचा ॲनाकार्डियम म्हणून नोंदले आहेत. काजूसाठीही कोकणात रान तुटले आहे, ते मी नाकारत नाही. पण काजू बहुतेक ठिकाणी कातळावर, बांधावर, घरामागे आला. शेकडो एकरांचा उतार एका हंगामात बोडका करून नव्हे. आणि जमीन विकणाऱ्याला दोष देणे मला जमत नाही. मुले मुंबईला किंवा गोव्यात नोकरीला, रानातून उत्पन्न शून्य, आणि दारात रोख पैसे देणारा उभा. जंगल राखले म्हणून त्याला वर्षाला काही मिळण्याची सोय आपण केली असती तर त्याला निदान पर्याय राहिला असता. आक्रेच्या राखीव वनांत तसा काहीसा प्रयत्न झाला. बांबर्ड्याच्या देवराईत देवाने तो भार उचलला.

माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११मध्ये पश्चिम घाटाबद्दल अहवाल दिला, तो वादात सापडला. २०१३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई केली. तोड तरी चालूच राहिल्याच्या तक्रारी येत राहिल्या. मार्च २०२४मध्ये न्यायालयाने या पट्ट्यातली २५ गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याबाबत आदेश दिला. त्याआधी २०२०मध्ये तिळारीचे सुमारे साडेएकोणतीस चौरस किलोमीटर वन संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले होते, ते सरकारी वन. खाजगी उतारांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

पैसे असतील त्यांनी ॲमेझॉनला जरूर जावे. मनौसला बोटी मिळतात. पण आपल्या मंडळातल्या बहुतेकांना जमेल असा प्रवास सांगतो. इंदूरहून पुणे, पुण्याहून कोल्हापूर, तिथून आजऱ्यावरून आंबोली. घाट उतरला की तीसेक किलोमीटरवर सावंतवाडी, आणि पुढे बांद्यावरून दोडामार्ग. जूनचा शेवट किंवा जुलै उत्तम. पायांत जळवांचे मोजे घालावेत. जळू लागली तर मीठ चोळू नये, नखाने हलकेच सरकवावी, म्हणजे तिलाही इजा होत नाही. रात्री विजेरी घेऊन स्थानिक माहीतगाराबरोबर फिरावे. आंबोलीचा म्हणून ओळखला जाणारा एक छोटा भेक, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला, आंबोलीच्या परिसराखेरीज जगात कुठे नाही. तो पहिल्या पावसात कातळावरच्या उथळ डबक्यांशी जमतो. त्याला हातात धरू नये आणि डबक्यांतून चालू नये, कारण त्याची अंडी त्यांतच असतात. फोटोसाठी फांदीवरच्या चापड्याला काठीने हलवणारे लोक भेटतील. त्यांच्याबरोबर जाऊ नये. आणि दोडामार्गच्या रस्त्याला लागलात की गाडी एका वळणावर थांबवून दोन्ही बाजूंना पाच-पाच मिनिटे कान द्यावा.